इमॅटिनिब सुरू झाली? सीएमएलच्या नव्या रुग्णासाठी, गोळी घेणाऱ्याकडून

डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, 'इमॅटिनिब ४००, जेवणासोबत, रोज एक', आणि बाहेर पुढच्या पेशंटच्या नावाचा पुकारा झाला. रक्ताच्या कर्करोगावरचा माझा उपचार एवढाच होता. सलाईन नाही, केस गळणं नाही, महिनाभर वॉर्डात मुक्काम नाही. केमिस्टकडून बाहेर पडलो तेव्हा हातात ॲसिडिटीच्या गोळ्यांची असते तशीच स्ट्रिप होती आणि डोक्यात प्रश्नांचा गोंधळ. सकाळी घ्यायची की रात्री? चहाबरोबर चालेल का? चतुर्थीच्या उपवासाला काय करायचं? डोळे सुजले तर कोणाला सांगायचं?

ही २०१६ सालची गोष्ट. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. तेव्हा वय ३७. दमायला होतं, डाव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणून सीबीसी केली, तर पांढऱ्या पेशी १ लाख ६४ हजार. धडधाकट माणसाच्या साधारण ४ ते ११ हजार असतात. बरगडीखालचा जडपणा म्हणजे सुजलेली प्लीहा होती. निदान झालं क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल.

मी डॉक्टर नाही. इथे लिहिलंय ते गोळी घेणाऱ्याच्या बाजूचं. डोस ठरवणं, कमी करणं, थांबवणं, औषध बदलणं हे तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टचं (रक्तविकारतज्ज्ञाचं) किंवा ऑन्कॉलॉजिस्टचं (कर्करोगतज्ज्ञाचं) काम. ते काम त्यांना नीट करता यावं म्हणून आपल्या बाजूनं काय सांभाळायचं, तेवढंच मी सांगतोय.

१. ही गोळी नेमकं काय करते

आपल्या पेशींतल्या ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं एक जोडजनुक तयार होतं. त्यातून बनणारं प्रथिन म्हणजे अडकून बसलेलं बटण समजा. ते सतत 'चालू' राहतं आणि अस्थिमज्जा पांढऱ्या पेशी काढत सुटते. इमॅटिनिब त्या प्रथिनाच्या ऊर्जा घेण्याच्या जागीच जाऊन बसते, त्यामुळे बटण बंद पडतं.

ते बंद राहतं ते रक्तात औषध आहे तोवरच. विषमज्वराच्या गोळ्यांसारखा हा ठरावीक दिवसांचा कोर्स नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

अमेरिकेत मे २००१ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. ज्या मोठ्या चाचणीतून ते सिद्ध झालं, तिच्यात इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्या रुग्णांपैकी दहा वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८३.३ टक्के निघालं. हा आकडा मला पहिल्याच आठवड्यात कोणी सांगितला असता, तर मी विम्याचे कागद बायकोला समजावत बसलो नसतो.

एक इशारा. हीच गोळी पोटातल्या जिस्ट नावाच्या गाठीसाठी आणि काही प्रकारच्या तीव्र ल्युकेमियातही देतात. तिथले डोस आणि हिशोब वेगळे असतात. ओपीडीच्या बाकावर शेजारी बसलेल्याची चिठ्ठी बघून आपली तपासू नका.

२. पहिली गोळी घेण्याआधी

सुरुवातीला मला गाठीभेटींतच इतकं गरगरलं होतं की डॉक्टरांना काय सांगायचं ते राहूनच गेलं. तुम्ही आधी कागदावर लिहून न्या:

- सध्या चालू असलेलं प्रत्येक औषध. रक्तदाब, थायरॉइड, कोलेस्टेरॉल, फिट्स, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, सगळं. काढे, चूर्णं, 'इम्युनिटी'च्या कॅप्सूलही त्यातच धरा.
- यकृत, मूत्रपिंड किंवा हृदयाचा जुना त्रास.
- पूर्वी कावीळ झाली असेल तर ती. विशेषतः हिपॅटायटिस बी. हा विषाणू अंगात दबून बसलेला असेल तर या जातीच्या औषधांमुळे तो पुन्हा उसळू शकतो, म्हणून आधी तपासणी करतात. चिठ्ठीवर ती दिसली नाही तर स्वतःहून विचारा.
- बाई असाल तर गर्भधारणेची शक्यता. यावर पुढे वेगळं लिहिलंय.

आणि एक फाइल करा. प्लास्टिकची, चेनची. पावसाळ्यात एसटीनं पुण्याला जाताना माझा बोन मॅरोचा मूळ रिपोर्ट भिजला होता, म्हणून सांगतो. फाइलमध्ये हे असू द्या: बोन मॅरोचा (म्हणजे अस्थिमज्जेचा) आणि गुणसूत्रांचा रिपोर्ट, पहिला बीसीआर-एबीएल पीसीआर (रक्तात ते जोडजनुक किती आहे हे मोजणारी तपासणी), सगळे सीबीसी तारखेनुसार, यकृताच्या तपासण्या, सगळ्या चिठ्ठ्या, औषधांची बिलं, आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स. प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरच्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये.

३. गोळी घ्यायची कशी

दिवसातल्या सगळ्यात भरपेट जेवणासोबत आणि मोठा ग्लासभर पाण्याबरोबर. रिकाम्या पोटी घेतली तर ती पोटाला लागते. मळमळते, उलटी होते, पोटात आग पडते. मी पहिले चार दिवस सकाळी चहा-बिस्किटाबरोबर घेत होतो आणि चारही दिवस शाळेच्या स्टाफरूममध्ये डोकं धरून बसलो. मग रात्रीच्या जेवणावर आणली. अर्धं जेवण, गोळी, उरलेलं जेवण. त्यानंतर तासभर आडवं व्हायचं नाही, हे मी स्वतःला लावून घेतलेलं वळण आहे. छातीतली जळजळ त्यानं थांबली.

वेळ एकच ठेवा. माझी साडेआठ. मोबाइलचा गजर लावलाय, पण खरा गजर म्हणजे आमच्या घरची कुकरची शिट्टी.

गोळी गिळता येत नसेल तर चावू किंवा कुटू नका. साध्या पाण्यात विरघळवून घेता येते. १०० मिलिग्रॅमच्या गोळीला साधारण ५० मिलिलिटर, ४०० च्या गोळीला २०० मिलिलिटर पाणी. चमच्यानं ढवळायचं आणि लगेच पिऊन टाकायचं. उरवून ठेवायचं नाही. फुटलेल्या गोळीला गरोदर बाईनं हात लावू नये.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर आपल्या मनानं दुसरी घेऊ नका. डॉक्टरांना विचारा, किंवा पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

आता उपवास. आमच्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी, त्यामुळे एकादशीला अडचण नाही. साबुदाण्याची खिचडी, दही, शेंगदाण्याची आमटी-वरी एवढं पोटात गेलं की गोळी बसते. संकष्टीला चंद्रोदयानंतरच्या जेवणावर घेता येते, फक्त चंद्र उशिरा उगवणार असेल तर गोळी रोजच्यापेक्षा दीड-दोन तास मागे जाते, तेवढं चालतं असं माझ्या डॉक्टरांनी सांगितलं. निर्जळी मात्र मी बंद केली. रोजे धरणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याचा भाऊ हीच गोळी इफ्तारनंतरच्या जेवणावर घेतो, तेही डॉक्टरांना विचारून.

सापळा: सीएमएलच्या सगळ्या गोळ्यांचे नियम सारखे नसतात. निलोटिनिब रिकाम्या पोटीच घ्यायची असते, आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, कारण अन्नाबरोबर ती रक्तात नको इतकी वाढते आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. डासाटिनिबला ॲसिडिटीच्या गोळ्यांचं वावडं आहे. डॉक्टरांनी औषध बदललं की जुने नियम पुसून टाका आणि नव्यानं विचारा.

४. अंगात काय काय होतं

सगळं सगळ्यांना होत नाही. मला झालं ते आणि ओपीडीतल्या बाकावर वारंवार ऐकलं ते सांगतो.

सकाळी पापण्या सुजतात. आरशात बघितलं तर रात्रभर रडल्यासारखा चेहरा. दुपारपर्यंत उतरतं. लोणचं, पापड, फरसाण कमी केल्यावर मला फरक पडला. पोटऱ्यांत आणि हाताच्या बोटांत गोळे येतात. फळ्यावर लिहिताना खडू बोटांत अडकून राहायचा. कॅल्शियम, मॅग्नेशियम बघून डॉक्टर काही देतात, ते मागा. अंगदुखी, थकवा, मळमळ, पुरळ हेही नेहमीचं. कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा लाल डाग उमटतो. दिसायला भयंकर, बहुतेक वेळा आपोआप जातो, पण दाखवून घ्या.

जुलाब हा माझा खरा शत्रू. त्याची गोष्ट पुढे येईल.

आणि रंग. या औषधानं बऱ्याच जणांची त्वचा उजळते, सावळ्या माणसात ते जास्त दिसतं. भाचीच्या लग्नात एका मावशीनं मला बाजूला घेऊन विचारलं, 'कुठली क्रीम लावतोस रे?' कर्करोगाचं औषध खाऊन गोरा झालो हे तिला कसं सांगणार? ऊन जास्त लागतं, एवढं लक्षात ठेवा. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट.

दिसत नाहीत ते परिणाम रक्तात कळतात. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट गरजेपेक्षा खाली जाऊ शकतात, यकृताचे आकडे वाढू शकतात. म्हणून पहिल्या महिन्यात दर आठवड्याला सीबीसी, दुसऱ्या महिन्यात पंधरा दिवसांनी, मग डॉक्टर सांगतील तशी. पेशी फार खाली गेल्या तर डॉक्टर काही दिवस गोळी थांबवतात आणि परत सुरू करतात. याला औषध फसलं असं म्हणत नाहीत. मला दुसऱ्या महिन्यात नऊ दिवस थांबवायला लावलं होतं आणि घरात सुतकी शांतता पसरली होती. उगाच.

रोज सकाळी त्याच काट्यावर वजन करा, कॅलेंडरवर लिहा. अंगात पाणी साठू लागलं की ते आधी काट्यावर दिसतं. मला डॉक्टरांनी आखून दिलेली रेघ होती आठवड्यात दोन किलो. त्यापुढे गेलं तर फोन.

या गोष्टींत मात्र सकाळ होण्याची वाट बघू नका:

- १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, थंडी वाजून ताप
- काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, न थांबणारं नाकातलं किंवा हिरड्यांतलं रक्त, अंगावर आपोआप उमटणारे निळे-जांभळे डाग
- दम लागणं, झोपल्यावर श्वास कोंडणं, पाय आणि पोट झपाट्यानं फुगणं
- डोळे किंवा लघवी गडद पिवळी होणं
- पोटात असह्य दुखणं
- अंगभर फोड किंवा तोंडात फोडांसह पुरळ

पावसाळ्यात एक भर. ताप आला की आपण 'व्हायरल असेल' म्हणतो. डेंगीत प्लेटलेट आधीच उतरतात, त्यात आपली गोळी. म्हणून तापाच्या पहिल्या दिवशीच सीबीसी, आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या स्वतःहून अजिबात नाहीत. पॅरासिटामॉलसुद्धा किती घ्यायची ते विचारून, कारण भार यकृतावरच पडतो.

५. कशाशी जमत नाही

इमॅटिनिब यकृतातल्या एका ठरावीक एन्झाइमवाटे मोडली जाते. ते एन्झाइम दाबून टाकणारं काही घेतलं तर गोळी रक्तात साचते. ते चेतवणारं काही घेतलं तर गोळी काम करण्याआधीच निघून जाते. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण त्याचा त्रास काहीच होत नाही. आपल्याला बरंच वाटत असतं.

चेतवणाऱ्यांत आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं औषध म्हणजे टीबीचं रिफॅम्पिसिन. त्यामुळे इमॅटिनिबचं रक्तातलं प्रमाण सुमारे तीन चतुर्थांशानं घटतं. टीबी झाला तर डॉट्सच्या दवाखान्यात सीएमएल सांगा आणि कर्करोगाच्या डॉक्टरांना टीबी सांगा. दोघं आपोआप एकमेकांशी बोलतील असं धरून चालू नका. फिट्सच्या फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिनचंही तेच.

साचवणाऱ्यांत क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिनसारखी घशाच्या दुखण्याला सहज दिली जाणारी अँटिबायोटिक्स आणि गजकर्णावरच्या इट्राकोनॅझोल, कीटोकोनॅझोलच्या गोळ्या. आमच्या गावातले डॉक्टर गजकर्णाला इट्राकोनॅझोल बिनदिक्कत लिहितात. त्यांना दोष नाही, आपण इमॅटिनिब घेतो हे त्यांना सांगितलं कोणी?

वॉर्फरिन घेणाऱ्यांना रक्तस्रावाचा धोका वाढतो, डॉक्टर बहुधा दुसरं काही देतात. थायरॉइडची ग्रंथी काढलेली असेल आणि थायरॉक्सिन चालू असेल तर टीएसएच पुन्हा तपासावा लागतो. कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन असेल तर तीही सांगा.

फळांत ग्रेपफ्रूट टाळायचं. ते आपल्याकडे कमी मिळतं, पण त्याच कुळातलं पपनस कोकणात आणि गोव्यात घरोघरी असतं, गणपतीत तर हमखास. त्यातही तीच द्रव्यं असतात. मी सोडलं. संत्री-मोसंबी मी खातो.

गुळवेल. यावर माझं आणि माझ्या काकांचं दोन वर्षं भांडण चाललं. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, आणि त्यानंतर मुंबईतल्या डॉक्टरांनीच गुळवेल घेणाऱ्यांत यकृताला इजा झालेले रुग्ण नोंदवले. ज्या गोळीसाठी आपण आधीच यकृताचे आकडे मोजतोय, तिच्या जोडीला हे नको. 'कॅन्सर मुळापासून काढतो' म्हणणाऱ्या वैदूकडे तर जाऊच नका. त्याच्या पुडीत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं.

६. चुकलेली गोळी

एखादी चुकली तर नियम सोपा आहे. आठवली की काहीतरी खाऊन ती घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम कधीही नाहीत.

एखादीचा प्रश्नच नाही. मी चुकवत होतो त्या ठरवून.

दुसऱ्या वर्षी माझे रिपोर्ट सुंदर होते. बीसीआर-एबीएल ०.०७ टक्क्यावर आलेलं. प्लीहा जागेवर, वजन परत आलेलं. त्रास होता तो फक्त गोळीचा, आजाराचा मागमूस नव्हता. जुलाब कधी लागतील याचा नेम नसायचा. मग शाळेची सहल असली की आदल्या रात्रीची गोळी नाही. लग्नाला जायचंय, नाही. निवडणुकीची ड्युटी, तिथल्या शौचालयाची खात्री नाही, म्हणून दोन दिवस नाही. शनिवारची तर सवयच लागली. महिन्याला पाच-सहा गोळ्या. डॉक्टर विचारायचे, 'नियमित घेताय ना?' मी मान हलवायचो. विद्यार्थी गृहपाठ झाला म्हणून जशी हलवतात तशी.

वर्षभरानं रिपोर्ट आला ०.६. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. औषधाला दाद न देणारं म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, झालंय का, ती तपासणी लिहू लागले, दुसरं महागडं औषध लागेल का यावर बोलू लागले. तेव्हा शेजारी बसलेली बायको म्हणाली, 'सर, ह्यांच्या कपाटात तीन भरलेल्या स्ट्रिपा आहेत.'

मला वाटलं, आता ओरडणार. ते ओरडले नाहीत. त्यांनी जुलाबांची औषधं लिहून दिली, गोळीची वेळ बदलून बघायला सांगितलं आणि विचारलं, 'हे दीड वर्षापूर्वी का नाही सांगितलंत?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. लाज वाटायची, एवढंच. जुलाबाबद्दल बोलायची लाज, आणि फुकट जीव वाचतोय तर तक्रार कशाला करायची असंही काहीतरी.

त्यांनीच मला लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. ८७ रुग्णांच्या बाटल्यांच्या झाकणांत चिप बसवून तीन महिने नोंद केली होती, झाकण किती वेळा उघडलं त्याची. ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेणाऱ्यांमध्ये सहा वर्षांत चांगला रेण्वीय प्रतिसाद, म्हणजे बीसीआर-एबीएल ०.१ टक्का किंवा त्याखाली, मिळण्याची शक्यता ९४.५ टक्के. ९० किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांमध्ये २८.४. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की आपण ९० टक्क्यांवर येतो. मी तर ८० वर होतो.

मला म्युटेशन निघालं नाही. सहा महिन्यांत आकडा परत ०.०९ वर आला. सगळ्यांचं असं होईलच असं नाही. अर्धवट औषधात आजार डोकं वर काढतो, आणि टी३१५आय नावाचं एक म्युटेशन असं आहे की त्यापुढे इमॅटिनिब चालतच नाही.

आता घरात काय करतो: वारांच्या कप्प्यांची डबी, रविवारी भरायची. महिनाअखेर उरलेल्या गोळ्या बायको मोजते. सहलीला जाताना डबी पिशवीत, सोबत डॉक्टरांनी दिलेली जुलाबाची गोळी आणि ओआरएस. डॉक्टरांकडे जाताना चुकलेल्या गोळ्यांचा आकडा कागदावर लिहून नेतो. शून्य असला तरी लिहितो.

७. पीसीआरचा रिपोर्ट वाचायला शिका

सीबीसी नॉर्मल आली म्हणजे आजार गेला, हा सगळ्यात मोठा गैरसमज. ती बहुतेकांची काही आठवड्यांत नॉर्मल होते. खरं मोजमाप बीसीआर-एबीएलचं. ते सुरुवातीला दर तीन महिन्यांनी. साधारण अपेक्षित आकडे असे: तीन महिन्यांनी १० टक्के किंवा खाली, सहा महिन्यांनी १ टक्का किंवा खाली, वर्षानं ०.१ टक्का किंवा खाली. थोडं मागे-पुढे झालं तर घाबरू नका, पण डॉक्टरांना 'आपण कुठे आहोत?' असं स्पष्ट विचारा.

दोन सापळे. एक, तपासणी 'क्वांटिटेटिव्ह' आणि आंतरराष्ट्रीय प्रमाणावर, म्हणजे आयएसवर हवी. नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहून येणाऱ्या स्वस्त तपासणीचा पुढे काही उपयोग नाही. माझे एकदा तसे पैसे वाया गेले. दोन, दर वेळी लॅब बदलू नका. आकड्यांची तुलना करता येत नाही आणि उगाच झोप उडते.

८. पैसे आणि साठा

आज ही गोळी मध्यमवर्गीयाला झेपते त्यामागे एक निकाल आहे. मूळ ब्रँड ग्लिवेकचा महिन्याचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास होता, भारतीय जेनेरिकचा, म्हणजे तेच औषध दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेलं, त्याचा दहा हजारांच्या आत. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) चा (जुन्याच औषधाच्या किरकोळ बदललेल्या रूपाला पेटंट न देणारं कलम) आधार घेऊन ग्लिवेकची मूळ कंपनी नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि जेनेरिक बनत राहिली. पुढे किमती आणखी उतरल्या.

जेनेरिक घ्यायला कचरू नका. मी सुरुवातीपासून तीच घेतोय. फक्त दर महिन्याला कंपनी बदलत बसू नका, आणि बदलली तर डॉक्टरांना सांगा. बिल नेहमी घ्या. बॅच नंबर आणि मुदत तपासा. 'बिलाशिवाय निम्म्यात देतो' म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा.

जनऔषधी केंद्रात विचारा, जाण्याआधी फोन करून. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात, तुमच्या उपचाराला काय लागू होतं ते त्यांना रेशनकार्ड, आधार आणि निदानाचे कागद दाखवून विचारा. टाटा मेमोरियल किंवा दुसऱ्या मोठ्या रुग्णालयात नोंद असेल तर तिथल्या समाजसेवा विभागात जा. 'आम्हाला मदत लागेल' हे वाक्य पहिल्याच भेटीत बोलून टाका. घर गहाण पडल्यावर बोललेलं कामाचं नाही.

घरात कायम दहा-पंधरा दिवसांच्या जादा गोळ्या असू द्या. दिवाळीच्या आठवड्यात पुरवठा अडतो, हे दोनदा अनुभवलंय. गोळ्या कोरड्या, सावलीच्या जागी. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा गॅसच्या ओट्यावर नकोत. प्रवासात हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नाही. परदेशी मुलाकडे जात असाल तर चिठ्ठी आणि मूळ स्ट्रिप सोबत हवीच.

९. मूल हवं असेल तर

बायकांनी इमॅटिनिब चालू असताना गरोदर राहू नये. गर्भाला इजा होऊ शकते. अंगावर पाजूही नये. पाळी चुकली तर लाजून थांबू नका, त्याच दिवशी तपासणी करा आणि डॉक्टरांना कळवा. आपल्या मनानं गोळी बंद करणं हाही उपाय नाही. रिपोर्ट स्थिर असताना डॉक्टरांसोबत आखणी करून आई झालेल्या बायका आहेत. ओपीडीत भेटणाऱ्या एक ताई मुलीला शाळेत सोडूनच येतात. पुरुषांनीही बाळाचा विचार असेल तर आधी बोलावं. ही चर्चा नवरा-बायको दोघांनी मिळून करायची असते. सासूबाईंना उत्तर काय द्यायचं हे नंतर ठरवता येतं.

१०. कधी थांबवता येते का?

येते, काहींना. अनेक वर्षं औषध घेतलेल्या आणि खूप खोल प्रतिसाद, म्हणजे बीसीआर-एबीएलचा अगदी खालचा आकडा, दोनेक वर्षं टिकलेल्या निवडक रुग्णांमध्ये डॉक्टर गोळी थांबवून बघतात. त्यानंतर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर करावा लागतो, कारण जवळजवळ निम्म्या लोकांत आकडा परत वाढतो, तोही बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांत. वेळेत पकडला तर गोळी पुन्हा सुरू करून तो खाली येतो. काहींना थांबवल्यावर सांधे आणि स्नायू दुखतात.

दर महिन्याला विश्वासार्ह पीसीआर होणार नसेल, तर या वाटेनं जायचं नाही, असं माझ्या डॉक्टरांचं स्पष्ट मत आहे. माझा आकडा सध्या ०.०१ च्या खाली आहे. ते म्हणाले, अजून दोन वर्षं बघू. मी हो म्हटलं आणि पुढच्या तीन महिन्यांची चिठ्ठी घेऊन आलो.

एक राहिलं. पाकिटात एक कार्ड ठेवा: नाव, रक्तगट, 'सीएमएल, इमॅटिनिब ४०० मिग्रॅ', डॉक्टरांचा आणि घरचा नंबर. दातांच्या डॉक्टरांकडे, अपघातात किंवा गावच्या दवाखान्यात तोंडी सांगायला आपण नेहमीच शुद्धीवर असतो असं नाही. माझं कार्ड शाळेतल्या मुलींनी लॅमिनेट करून दिलंय, कडेनं फुलं काढून.